वर्गात गोष्टींचे खेळ घेते, पण शेवटी हाती लागतं फक्त भूत आणि गोंगाट

पत्र थोडक्यात असं: एक ताई झेडपीच्या शाळेत शिक्षणसेवक आहेत, हे त्यांचं दुसरं वर्ष. मूळच्या कोल्हापूरकडच्या, पोस्टिंग धुळे जिल्ह्यात. पाचवीचा वर्ग, पट 27, बहुतेक मुलांच्या घरी अहिराणी. ऑनलाइन ट्रेनिंगमध्ये बघून त्यांनी शाळेतल्या 'आनंददायी शनिवार' या उपक्रमात 'गोष्टीची साखळी' सुरू केली, म्हणजे एकाने एक वाक्य बोलायचं, शेजारच्याने पुढचं. चार शनिवार झाले. चारही वेळा तिसऱ्या मुलापर्यंत भूत आलं, पाचव्यापर्यंत सगळे मेले आणि मागच्या रांगेत मारामारी. एक मुलगी तर तोंडच उघडत नाही. मुख्याध्यापक सर म्हणाले, 'मॅडम, आवाज ऑफिसात येतोय.' एका पालकाने विचारलं, 'गोष्टी सांगून नवोदयला नंबर लागतो का?' ताईंना वाटतंय की मोबाइलमुळे या मुलांची कल्पनाशक्तीच संपलीय आणि आपल्या अंगातही ती कला नाही. खेळ बंद करून फळ्यावर मुद्दे लिहून द्यावेत आणि गोष्ट लिहून घ्यावी का, असं त्या विचारतायत.

ताई, नमस्कार.

'पाचव्यापर्यंत सगळे मेले' हे वाचून मी खरंच मोठ्याने हसले, सॉरी. पण ते तुम्हाला हसणं नव्हतं. माझ्या पहिल्या शाळेत माझ्याकडे पन्नासच्या वर मुलं होती आणि मीही हीच साखळी घेतली होती, माझ्याकडे भुताऐवजी दरोडेखोर आले एवढाच फरक. बाविसाव्या मुलापर्यंत पोचेस्तोवर तास संपला, आणि ज्यांचा नंबर आला नाही ती मुलं आठवडाभर माझ्यावर फुगून. मग पुढच्या वेळी मी एक गोष्ट केली, फळ्याकडे न बसता मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले आणि बोलणाऱ्या मुलाकडे न बघता बाकीच्यांकडे बघत बसले. एकही मूल ऐकत नव्हतं. ज्यांचा नंबर जवळ आला होता ती ओठ हलवत स्वतःचं वाक्य पाठ करत होती, ज्यांचं बोलून झालं होतं ती मोकळी झाली होती, आणि मधली बोअर झालेली.

तुमच्याकडचं भूत तिथूनच येतंय असं माझं मत आहे. मागच्याने काय सांगितलं ते ऐकलंच नाही तर पुढे काय जोडणार? मग भूत आणायचं नाहीतर सगळ्यांना मारून टाकायचं, म्हणजे मागचं काही लक्षात ठेवायची गरजच नाही. कल्पनाशक्ती कमी असल्याचं हे लक्षण नाही, हे सरळ सरळ सुटका करून घेणं आहे.

मोबाइलबद्दल तुम्ही लिहिलंय त्यावर वाद घालत नाही, पण एक करा. उद्या मधल्या सुट्टीत पोरं हात धुवायला नळावर जातात ना, तिथे जरा लांब उभ्या राहा. कोणीतरी विहिरीत साप कसा निघाला ते सांगत असेल, किंवा मामाच्या लग्नात डीजेचा ट्रॅक्टर कसा चिखलात रुतला ते. हात कसे फिरतात, आवाज कुठे बारीक होतो, नेमकं साप फणा काढतो तिथेच पोरगं कसं थांबतं, बघाच. आणि समोरचे म्हणतात, 'मंग काय व्हयनं?' हीच पोरं शनिवारी वर्गात आली की 'एका गावात एक भूत होतं'. नळावर आणि वर्गात फरक कसला? नळावर ऐकणारा कंटाळला तर उठून जातो, म्हणून सांगणाऱ्याला झक मारत चांगलं सांगावं लागतं. वर्गात ऐकणारा जाऊन जाऊन जाणार कुठे, मॅडमनी बसवलंय.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की खेळ बंद करू नका, खेळाचं तोंड फिरवा. आत्ता तुमचा खेळ बोलणाऱ्यासाठी आहे, तो ऐकणाऱ्यासाठी करा.

सगळ्यात सोपा खेळ आपल्या घरातलाच आहे. आजी गोष्ट सांगताना म्हणायची ना, 'हूं म्हण, नाहीतर मी थांबते'? तो हुंकार. दोघादोघांच्या जोड्या, 27 आहेत म्हणजे एक गट तिघांचा. एक सांगणार, दुसरा फक्त 'हूं' म्हणणार. नियम एकच, गोष्ट रंगतेय तोवर हूं, कंटाळा आला की हूं बंद. हूं बंद पडला की सांगणाऱ्याने काहीतरी करायचं, आवाज बदलायचा, नवीन माणूस आणायचा, काहीही, पण हूं परत मिळवायचा. दोन मिनिटं, मग अदलाबदल. माझ्या वर्गातला एक मुलगा म्हशीची गोष्ट सांगत होता, म्हैस कुठे चरली, मग कुठे चरली, मग कुठे. समोरचा हूं बंद. हा दोन सेकंद त्याच्या तोंडाकडे बघत राहिला आणि एकदम आवाज खाली आणून म्हणाला, 'आणि तेवढ्यात तिच्या गळ्यातली घंटा वाजायची थांबली.' समोरच्याचा हूं तर आलाच, शेजारच्या जोडीचाही आला. हे त्याला मी शिकवलं नव्हतं आणि मला शिकवताही आलं नसतं.

सुरुवातीला पोरं मुद्दाम हूं बंद करून एकमेकांना छळतील, ते होणारच. त्यावर उपाय म्हणजे शेवटी ऐकणाऱ्याला एक प्रश्न, 'तुला या गोष्टीत काय दिसलं?' काय समजलं नाही, काय दिसलं. घंटा दिसली, चिखल दिसला, आजीचा चष्मा दिसला. ज्याला काही सांगता येत नाही तो ऐकत नव्हता हे सगळ्यांना कळतं, तुम्हाला रागवावं लागत नाही.

आता तुमची साखळी. ती अजिबात टाकून देऊ नका, फक्त 27 जणांची करू नका. एकेक मिनिट धरलं तरी 27 मिनिटं होतात आणि प्रत्येक मूल त्यातली 26 मिनिटं नुसतं बसून. पाच-पाच जणांचे गट करा. आणि एक शब्द बंद करा, 'आणि मग'. त्याऐवजी दोन रंगांच्या चिठ्ठ्या, एकीवर 'पण', दुसरीवर 'म्हणून'. आपल्या वाट्याला जी चिठ्ठी येईल त्या शब्दानेच वाक्य सुरू करायचं. आधी फळ्यावर कावळा-चिमणीच्या गोष्टीवर करून दाखवा, ती सगळ्यांना येते. कावळ्याचं घर शेणाचं होतं, पण पाऊस आला. म्हणून घर वाहून गेलं. म्हणून तो चिमणीच्या दारात गेला, पण चिमणी दार उघडेना. बघा, एकदाही 'आणि मग' लागलं नाही. 'पण' आला की अडचण येते, 'म्हणून' आला की मागच्याचं ऐकलेलं असावंच लागतं, त्याशिवाय वाक्यच होत नाही. भूत तरीही येईल. येऊ दे. 'एक भूत आलं' असं झालं की पुढच्याच्या हातात 'पण' ठेवा. 'पण त्याला अंधाराची भीती वाटायची' असं कोणीतरी म्हणतंच म्हणतं, आणि तिथून पुढे भुताची चांगली गोष्ट होते. भुतावर बंदी घालणारे शिक्षक मला तरी कळत नाहीत, आपण लहानपणी दुसरं काय सांगायचो एकमेकांना?

त्याच गोष्टीतलं 'थांब' पण मुलांना दाखवा. कावळा म्हणतो दार उघड, चिमणी म्हणते थांब माझ्या बाळाला अंघोळ घालते, थांब अंगडं घालते, थांब तीट लावते. तीन वर्षांचं मूल शंभराव्यांदा ऐकतानाही तिथे श्वास रोखून बसतं, शेवट माहीत असून. का? कारण बाहेर पाऊस चालूच आहे. दाराबाहेर कोणीतरी भिजतंय आणि आत काजळ-तीट चाललंय, उत्सुकता ताणणं म्हणजे दुसरं काही नसतं. मुलांना सांगा, आता तुमची गोष्ट अशी बनवा की कोणीतरी घाईत आहे आणि दुसरा कोणीतरी तीनदा 'थांब' म्हणतो. माझ्याकडे एसटी पकडायच्या बऱ्याच गोष्टी झाल्या, आणि कंडक्टरच्या सुट्ट्या पैशांच्या. एकीने तर दवाखान्यातला केसपेपर आणला होता, वर्ग गप्प झाला होता.

पहिल्या वाक्याचा लिलाव हा माझा सगळ्यात लाडका खेळ, आणि तुमच्याकडच्या मुलांना तर लिलाव सांगायलाही नको, ज्यांच्या घरचा कांदा बाजार समितीत जातो त्यांना बोली कशी चढते ते तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. प्रत्येकाला दहा चिंचोके. प्रत्येकाने कागदावर गोष्टीचं फक्त पहिलं वाक्य लिहायचं, नाव टाकायचं नाही. तुम्ही एकेक वाचायचं आणि पोरांनी बोली लावायची, पुढची गोष्ट ऐकायला कोण किती देणार. 'एक गरीब शेतकरी होता' याला माझ्या वर्गात एक चिंचोका आला, तोही लिहिणाऱ्यानेच लावला असणार. 'त्या दिवशी आमच्या बकरीने शाळेत यायचा हट्ट धरला' हे आठवर गेलं. मग विचारायचं, आठ का? पोरं स्वतःच सांगतात, कारण बकरी हट्ट का करतेय ते कळायला पाहिजे. झालं, तुमचा पाठ झाला. यात लिहिणंही झालं, ऐकणंही झालं आणि बेरीज-वजाबाकी फुकटात. आपल्या कहाण्यांतलं 'आटपाट नगर होतं' हे वाक्यही मी लिलावात हळूच मिसळते, त्याला बोली चांगली येते, मुलांना आटपाट म्हणजे काय ते कळत नाही म्हणूनच बहुतेक.

आता न बोलणाऱ्या मुलीबद्दल. तुम्ही लिहिलंय की तिला 'बोलतं करायचंय'. कशाला एवढी घाई? ती गप्प आहे म्हणजे तिच्याकडे गोष्ट नाही असं आपण धरून चालतो, आणि दुसरं म्हणजे गोष्ट फक्त उभं राहून मोठ्याने प्रमाण मराठीत सांगतात असंही धरून चालतो. तिला आधी हुंकारात घ्या, त्यात एकच अक्षर आहे. मग आवाजाच्या गटात. कोणी गोष्ट सांगत असताना तीन मुलं मागे बसून आवाज काढतात, बोटाने बाकावर पाऊस, कंपासपेटी हलवून बैलगाडी, तोंडाने वारा. मग खुर्चीचा खेळ घ्या, एक मूल खुर्चीत कावळा होऊन बसतं आणि बाकीचे त्याला प्रश्न विचारतात. हिने बसायचं नाही, फक्त एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचा. अशाच एका गप्प पोरीने माझ्या वर्गात चिठ्ठी दिली होती, 'तू चिमणीला एकदा तरी जेवायला बोलावलं होतंस का?' कावळा पार निरुत्तर झाला.

आणि भाषा. तुम्ही कोल्हापूरच्या, त्यांची अहिराणी तुम्हाला अर्धी कळत असेल. उत्तम आहे. त्यांना म्हणा, तुमच्या घरच्या भाषेत सांगा आणि मला कळलं नाही की मी हात वर करीन, मग थांबून समजवायचं. मॅडमला समजावून सांगायला मिळणं यासारखं बक्षीस नाही. तुम्हीही तुमच्या बोलीत एखादी गोष्ट सांगा, ती हसतील, हसू देत. लिहिताना प्रमाण भाषेत आणणं ही पुढची पायरी, ती दुसऱ्या दिवशी.

चित्रांचाही एक प्रकार सांगते, हा शनिवारसाठी. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे, परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये त्यासाठी पद्मश्री मिळाली. त्यात रामायण-महाभारतातल्या प्रसंगांच्या सुट्ट्या चित्रांची पोथी असते, एकेक चित्र समोर धरून गाऊन-बोलून कथा सांगतात. यातली मला आवडणारी युक्ती म्हणजे पुढचं चित्र आत्ताच्या चित्रामागे लपलेलं असतं. मुलांना जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर पाच चित्रं काढायला लावा, चांगली येणं गरजेचं नाही. सांगताना एक धरायचं आणि पुढचं काढायच्या आधी थांबून ऐकणाऱ्यांना विचारायचं, 'आता काय असेल?' बरोबर ओळखलं तर ऐकणाऱ्याला टाळी, कोणालाच नाही आलं तर सांगणाऱ्याला. जिथे सगळ्यांना बरोबर येतं तिथे गोष्ट सपक आहे हे मुलाला आपोआप कळतं. आणि अगदी कोणालाच, कधीच येत नाही तर तो उगाच भूत आणतोय.

एक सावधगिरीची गोष्ट, ही मात्र नीट वाचा. 'तुझ्या घरी घडलेलं सांग' असं कधी म्हणू नका, निदान पहिले काही महिने तरी. ऐकणारा वर्ग चांगला झाला की मुलं खरं बोलायला लागतात आणि मग बापाचं पिणं, आईचं माहेरी निघून जाणं, ऊसतोडीला गेल्यावर फडावर काय झालं ते असं काहीही बाहेर येतं, सगळ्यांसमोर. ते मूल घरी जाऊन ते सगळ्यांना कळल्याचं ओझं घेऊन झोपतं. त्यापेक्षा वस्तूंची पिशवी चालवा. बाजाराच्या पिशवीत चार-पाच वस्तू, एक तुटकी चप्पल, एसटीचं जुनं तिकीट, एकच कानातलं, गंजलेलं कुलूप. ही वस्तू कोणाची, हरवली कशी, तो आता ती शोधतोय का. मुलं घरचंच सांगतील, पण चपलेच्या आडून, त्यांना हवं तेवढंच. आणि त्यातून कुणाचं काही जाणवलंच तर ते शांतपणे त्या मुलाशी एकट्याने बोलायचं, स्टाफरूममध्ये चहाबरोबर चघळायचं नाही. हे लिहावं लागतंय कारण मी ते होताना बघितलंय.

सरांचं काय करायचं? सर खडूस असतीलही, पण आवाजाची तक्रार खरी आहे हे मान्य करा, शेजारी चौथीचा वर्ग चालू असतो. दोनदा-तीनदा टाळी वाजली की सगळ्यांनी तीच टाळी परत वाजवून गप्प बसायचं, ही सवय आधी लावा आणि हुंकाराचा खेळ झाडाखाली घ्या. खेळ पंधरा मिनिटांचाच ठेवा, उरलेल्या तासात त्याच गोष्टीची पाच वाक्यं वहीत. महिन्याने त्या वह्या सरांपुढे ठेवा, काही न बोलता. गुजराती शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला मास्तर पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि तोंडावर आपटतो, पोरं ओरडून सगळा बट्ट्याबोळ करतात, पुढे तो गोष्ट सांगायला बसतो तेव्हा कुठे वर्ग हाताशी येतो. हे 1932 सालचं पुस्तक आहे, म्हणजे मोबाइलच्या कितीतरी आधीचं.

नवोदयवाल्या पालकाला खोटं आश्वासन देऊ नका. गोष्टी सांगून नंबर लागत नाही, गणित आणि बुद्धिमत्तेचा सराव लागतोच. पण नवोदयच्या प्रवेश परीक्षेच्या पेपरात भाषेचे 20 प्रश्न 25 मार्कांना असतात आणि ते उतारे वाचून सोडवायचे असतात. 'पण' कुठे आला, 'म्हणून' कुठे आला, कोणी काय का केलं, हे धरून वाचणाऱ्या मुलाला उतारा सोपा जातो, एवढं तुम्ही बिनधास्त सांगू शकता. शक्य असेल तर त्याच पालकांना एका शनिवारी लिलावाला बोलवा आणि चिंचोके द्या. माझ्याकडे एक आजोबा असे आले होते, दहाच्या दहा चिंचोके नातवाच्या नसलेल्या वाक्यावर लावून गेले.

राहिला तुमचा मूळ प्रश्न, मुद्द्यांवरून गोष्ट. ती परीक्षेत विचारतात, तेव्हा घ्यावी लागणारच, आणि मला तिच्याबद्दल राग नाही. फक्त क्रम बदला. आधी मुद्दे आणि मग गोष्ट असं न करता, खेळात झालेल्या गोष्टीचे मुद्दे मुलांनाच काढायला लावा आणि ते दुसऱ्या गटाला द्या. त्यांनी त्यावरून लिहिलेली गोष्ट मूळ गटाला वाचून दाखवायची, 'आमचं भूत असं नव्हतंच' म्हणून जे भांडण होतं ते ऐकण्यासारखं असतं. तात्पर्य परीक्षेच्या वहीत लिहू देत. खेळात विचारू नका, गोष्ट रंगलेली असताना मॅडमनी 'यातून काय बोध घ्याल' म्हटलं की पोरांचे चेहरे दूध नासल्यासारखे होतात.

'माझ्यात ती कला नाही' हे तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय. ताई, यातल्या एकाही खेळात तुम्हाला गोष्ट रंगवून सांगायची नाहीये, बघा परत वाचून. तुम्हाला हूं म्हणायचंय, चिठ्ठ्या वाटायच्यात, चिंचोके मोजायचेत. सगळे खेळ एकदम सुरू करू नका, महिनाभर फक्त हुंकार आणि पण-म्हणून, दिवाळीनंतर लिलाव. गोष्टी कमी पडल्या तर 'प्रथम बुक्स' या प्रकाशनाच्या 'स्टोरीवीवर' वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट मिळतात, अर्धी वाचून थांबायचं आणि पुढचं मुलांवर सोडायचं.

आणि पिशवीत कुलूप ठेवाल तेव्हा किल्ली ठेवू नका. मी एकदा चुकून ठेवली होती, पहिल्याच पोराने कुलूप उघडून दाखवलं आणि म्हणाला, 'बाई, संपली गोष्ट.'